नऊ नंबरचा फोन

हे मी लिहावं की नाही, हा प्रश्न लिहायला बसलो तरी सुटलेला नाही. आमच्या तांड्यातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. मराठी मी शाळेत शिकलो आणि इंग्रजी हॉटेलच्या काउंटरवर उभा राहून. तेव्हा कुठं चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण त्या दुपारी तिथं जी माणसं होती, त्यातल्या सोनाबाईंना लिहिता येत नाही आणि आमचे मॅनेजर सबनीस सर कधी लिहिणार नाहीत. म्हणून धाडस करतोय.

डिसेंबरची दुपार होती. मी काउंटरवर होतो. सोनाबाई लॉबीची फरशी पुसत होत्या. त्या आमच्या हाउसकीपिंगच्या, म्हणजे खोल्या झाडणं, चादरी बदलणं, पाणी भरणं हे त्यांचं काम. आणि बाहेरून, जुन्या ओळीकडून, फोनची घंटी ऐकू आली.

जुनी ओळ म्हणजे विहिरीच्या बाजूच्या खोल्या. दिवाळीपासून ती ओळ बंद होती. लाईट तोडलेली, दारांना कुलपं. माझ्यासमोर नवा टेलिफोन बोर्ड होता आणि त्यावर त्या ओळीसाठी एकही बटण नव्हतं.

सोनाबाईंनी फडकं हातात तसंच धरलं. "नऊ नंबर वाजून राहिला," त्या म्हणाल्या.

"तिथली लाईन बंद आहे, सोनाबाई."

"बंद हाय तर काहून वाजून राहिला?"

घंटी थांबली. बाहेर सागाच्या झाडांवर वानरं बसली होती, तीही त्या बाजूला बघत होती. सोनाबाई पुन्हा फरशी पुसू लागल्या, पण एकच जागा पुसत राहिल्या.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर कळणार नाही.

आमचा रिसॉर्ट औंढा नागनाथपासून जवळा बाजारच्या रस्त्याला, टेकडीच्या उतारावर. देवाला येणारे लोक राहतील म्हणून एका कंपनीनं बांधलेला. तिथं टाइमशेअर होता. टाइमशेअर म्हणजे तुम्ही खोली विकत घेत नाही, खोलीतला एक आठवडा विकत घेता. दरवर्षी तोच आठवडा, तीच खोली, पुष्कळ वर्षं. त्यांना आम्ही गेस्ट म्हणायचो नाही, ओनर म्हणायचो.

मी कामाला लागलो तेव्हा हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आमचे जुने मॅनेजर शेख साहेब वसमतचे. त्यांनी मला बाजाराच्या हिशेबानं समजावलं. "जवळा बाजारला बाजार भरतो. ठेकेदार बदलतो की नाही? पण बांगडीवाली तिच्याच लिंबाखाली बसते. एखाद्या बाजारी ती आली नाही, तर तिच्या जागेवर दुसरं कुणी बसतं का? नाही बसत. तसंच हे. ये कमरा अपना नहीं, उनका है. आपण फकत राखणदार."

शेख साहेबांनी त्यावरून एक पद्धत पाडली होती. ओनर येवो अगर न येवो, त्याच्या आठवड्याला त्याची खोली उघडायची. चादर घालायची, तांब्या भरून ठेवायचा, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं, दिवेलागणीला व्हरांड्यातला बल्ब लावायचा. कुणी सहज म्हणून फोन केला आणि खोली मागितली तरी द्यायची नाही. सोनाबाई धनगर वाड्यातल्या. त्यांना टाइमशेअर कळत नव्हता, पण हे लगेच कळलं. त्यांच्यात मेंढरं घेऊन फिरतीवर गेलेल्या माणसाची जागाही घरात अशीच राखतात म्हणे. मला मात्र सुरुवातीला रिकाम्या व्हरांड्यांत जळणारे ते बल्ब बघून कसंतरी व्हायचं. आत कुणी नाही, आणि सगळं कुणीतरी असल्यासारखं.

नऊ नंबर नांदेडच्या कोटगिरे अप्पांची होती. अप्पांचं हार्डवेअरचं दुकान. अप्पा आणि त्यांच्या बायको, त्यांना आम्ही अक्का म्हणायचो, दरवर्षी डिसेंबरात यायचे. अप्पा कडक. चहात साखर जास्त झाली तर कप परत पाठवायचे, पण आपणहून येऊन सांगायचे, "पोराला रागावू नका, साखरेला रागावा." दुपारी ते नागनाथाच्या दर्शनाला जायचे. अक्कांचे गुडघे दुखायचे, त्या खोलीतच थांबायच्या. आणि अप्पांची जीप गेटबाहेर पडली की थोड्या वेळानं काउंटरवर फोन यायचा.

"नऊ द्या."

बाईचा आवाज. एवढंच. शेख साहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. "नाव विचारू नकोस. अप्पा खोलीत नाहीत ना, एवढं बघ आणि जोड."

सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. अप्पांचा मुलगा महेश, वारंगा फाट्याच्या दुसऱ्या जातीच्या मुलीशी लग्न करून सुरतेला गेला होता. अप्पांनी घरात त्याचं नाव घ्यायला बंदी केली होती. घरचा फोन दुकानात, अप्पांच्या गादीजवळ. मुलानं जाताना आईला सांगितलं होतं, तुमच्या आठवड्याला नऊ नंबरवर फोन करीन. बाईचा आवाज सुरतेच्या फोन बूथवर नंबर लावून देणारीचा असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. वर्षातून त्या एका आठवड्यात आईला मुलगा भेटायचा, तोही वायरीवर.

मग मॅनेजमेंट बदललं.

कसं बदललं ते आम्हाला दिसलं नाही. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला त्याच सुमाराची गोष्ट. एका सकाळी गेटवरच्या पाटीवर पांढरा कागद चिकटवलेला होता. दुपारी फॅक्स आला. शेख साहेबांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला, सगळ्यांशी हात मिळवला आणि टमटममध्ये बसून गेले. नवे मालक कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कुणी आलं नाही. फक्त फॅक्स यायचे. दुपारी मशीन आपोआप घरघरायचं आणि कागद बाहेर यायचा. गणवेशाचा रंग बदला. ओनर म्हणू नका, मेंबर म्हणा. लॉबीतले फोटो काढा.

लॉबीच्या भिंतीवर सगळ्या ओनर कुटुंबांचे फोटो होते. ते मीच काढले. भिंत ऊन आणि धुरानं पिवळी पडली होती, फोटोंच्या जागा तेवढ्या पांढऱ्या राहिल्या. काउंटरवर उभं राहिलं की समोर ते सगळे पांढरे चौकोन. ते आपल्याकडे बघताहेत असं वाटायचं. रंग मारायचा फॅक्स काही आला नाही.

नवे मॅनेजर सबनीस सर पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. तेही फॅक्सची वाट बघायचे, आमच्यासारखेच. त्यांनी मला नवी पद्धत समजावली. आता कुणाचा आठवडा ठरलेला नाही, फ्लोटिंग आहे. मेंबरनं आधी बुकिंग करायचं, जागा असेल तो आठवडा आणि असेल ती खोली मिळेल. हवं तर त्याऐवजी महाबळेश्वरला जा. परभणीचे एक वकील काउंटरवर येऊन माझ्यावरच ओरडले, "फ्लोटिंग? आठवडा काय ओंडका हाय का तरंगायला? मी मेलो की तोबी तरंगतच येणार का माझ्या पोरांकडं?"

मी म्हणालो, "सर, मी कळवतो."

"कुणाला?"

मी फॅक्सच्या मशीनकडे बघितलं.

अक्कांचा फोन पावसाळ्यातच आला. शेजारच्या घरातून करत होत्या. "राठोड बाबा, अप्पा म्हणून राहिले की महाबळेश्वरला जाऊ. मला तोच आठवडा पायजे. तीच खोली. मी त्यास्नी काय सांगू, काहून पायजे म्हणून? तूच कायतरी कर." मग त्यांनी शेजाऱ्यांचा नंबर लिहून घ्यायला लावला.

आठवडा मी मिळवून दिला. अप्पांना पत्र गेलं की महाबळेश्वर फुल आहे. खोलीसाठी मात्र दिवाळीनंतर, जुनी ओळ बंद झाल्यावर, सबनीस सरांकडे गेलो.

"सर, कोटगिरेंना नऊ नंबर देऊ या. एका आठवड्यापुरती लाईट जोडून."

"नऊ नंबर आता नाही, राठोड. नव्या प्लॅनमध्ये तिथं मसाज रूम आहे."

"पण सर, त्यांचा हक्क..."

"हक्क आहेच की. फक्त कुठला आठवडा आणि कुठली खोली ते आपण ठरवणार."

मग हक्कात उरलं काय, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही. मला कॉलेजची फी भरायची होती.

त्यातच नवा टेलिफोन बोर्ड आला. बाहेरून फोन आला की आता मी उचलायचा नव्हता. मशीनच बोलायचं. एक बाई इंग्रजीत आणि हिंदीत सांगायची, हव्या त्या खोलीचा नंबर दाबा. जुन्या ओळीचं एकही बटण माझ्याकडे राहिलं नाही. त्या आठवड्यात सुरतेहून कुणी "नऊ द्या" म्हटलं, तर ते मशीनला म्हणणार होतं.

कोटगिरे आले. अक्कांना नव्या ओळीत खोली दिली. त्यांनी आत जाऊन आधी फोन बघितला. "नऊवर लागला तर इथं वाजंल का?"

"नाही, अक्का."

त्या पलंगावर बसल्या. माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुरुवातीला लिहिलेली घंटी त्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्या दिवशी अप्पा थकवा म्हणून दर्शनाला गेले नव्हते, अक्का त्यांच्याजवळ खोलीत होत्या. त्यांना घंटी ऐकू गेली नसावी. वॉचमनला गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टाफमध्ये झालं की बंद ओळीत कुणीतरी आहे. माळ्यानं विहिरीकडे जायचं सोडलं.

तिसऱ्या दिवशी अप्पा दर्शनाला निघाले. जीप गेटबाहेर पडली तशा अक्का काठी टेकत लॉबीत आल्या आणि काउंटरसमोरच्या खुर्चीत, त्या पांढऱ्या चौकोनांकडे पाठ करून बसल्या. सोनाबाई कुठं दिसत नव्हत्या. आम्ही दोघंच. पंखा बंद होता. इतकी शांतता की फॅक्सच्या मशीनचा दिवा बघूनसुद्धा ते आता घरघरेल असं वाटावं.

आणि जुन्या ओळीतून घंटी आली.

अक्का उभ्या राहिल्या. "तो हाय," त्या म्हणाल्या.

मी काउंटर सोडायचा नव्हता, पण सोडला. त्यांचा हात धरून निघालो. सागाची वाळलेली पानं पायाखाली मोठ्यानं वाजत होती. अर्ध्या वाटेवर घंटी थांबली. अक्काही थांबल्या. समोर बंद दारांची ओळ, व्हरांड्यांवर धूळ, कोळ्यांची जाळी. आम्ही तसेच उभे. मग पुन्हा घंटी सुरू झाली, आम्ही थांबायचीच वाट बघत असल्यासारखी.

जवळ गेलो. नऊ नंबरचं दार उघडं होतं. बाकी ओळीवर महिन्याची धूळ, पण नऊच्या उंबऱ्यावर पाणी शिंपडलेलं, ओलं. आत पलंगावर चादर ताणून घातलेली. स्टुलावर तांब्या भरलेला, वर पेला पालथा.

दाराआडून सोनाबाई पुढं आल्या. मला बघून थोड्या ओशाळल्या. "शनिवारीच खोलली," त्या म्हणाल्या. "हप्ता ह्यायचाच हाय नं? राहवलं न्हाई. काल वाजला तवा म्या अंग चोरलं, आत यायला भ्याले."

अक्कांनी फोन उचलला.

"हां बाळा. जेवलास का? थंडी हाय का तिकडं? इथं बराबर हाय सगळं. गुडघ्याची तकलीफ हाय, ती काय जात न्हाई. अप्पा देवाला गेले. आता तितके न्हाई रागावत रे, थकले. हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवली, कुणासंगं धाडू? पोरीला बरं हाय ना? तिला म्हणावं, उन्हातान्हात..."

मी दारात उभा होतो. मला काहीतरी खटकत होतं आणि काय ते लवकर कळेना. मग कळलं. फोनवर आपण प्रश्न विचारला की थांबतो, पलीकडच्याला बोलू देतो. अक्का थांबत नव्हत्या. एकापुढं एक प्रश्न. उत्तराला जागाच नव्हती.

बोलून झाल्यावर त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे केला. "तू ऐक बाबा जरा. तो बोलत न्हाई. पयल्या साली बोलला, मग रुसला. निस्ता ऐकतो."

मी रिसीव्हर कानाला लावला. आधी शिवणयंत्राचा आवाज आला. पायानं चालवायचं यंत्र. मग ते थांबलं. त्याच्यामागं कुणाचा तरी श्वास. मी "हॅलो" म्हणालो. श्वास थांबला. त्या बाजूला कुणीतरी आहे आणि कुणीच नाही, असं दोन्ही एकदम वाटलं. मी रिसीव्हर अक्कांना परत दिला.

"ही खोली कुणी उघडली?"

मागं सबनीस सर उभे होते. रिकामा काउंटर बघून मला शोधत आले होते.

"म्या," सोनाबाई म्हणाल्या.

"का?"

"मालक आल्यात."

सरांनी चादर बघितली, तांब्या बघितला, फोन छातीशी धरून उभ्या असलेल्या अक्का बघितल्या. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "ही लाईन जिवंत कशी? उद्या काढून टाका." चार पावलं गेले आणि वळले. "उद्या नको. शनिवारी."

शनिवार म्हणजे ओनर जाण्याचा दिवस.

लाईनचं कोडं साधं निघालं. बोर्ड बसवणाऱ्यानं जुन्या ओळीच्या वायरी न तपासता तशाच जोडल्या होत्या. मशीननं खोलीचा नंबर दाबायला सांगितलं, सुरतेहून कुणीतरी नऊ दाबलं. हे कळल्यावर स्टाफ हसला. मला हसू आलं नाही. तो श्वास वायरमनच्या उत्तरात बसत नव्हता.

पुढच्या वर्षी अप्पांनी नव्या कंपनीच्या कागदावर सही केली. डिसेंबरात त्यांना महाबळेश्वर मिळालं. नऊ नंबरची मसाज रूम झाली, मसाज करणारा मात्र कधी आला नाही. तो आठवडा जवळ आला तसा मी सबनीस सरांकडे गेलो.

"सर, या आठवड्यात दुपारचं मशीन बंद ठेवू का? म्हातारे मेंबर गोंधळतात."

त्यांनी फाईलमधून मान वर केली नाही. "ठेव. आणि काउंटर सोडू नकोस."

फोन आला.

"नऊ द्या."

"नऊ नंबर आता नाही," मी म्हणालो. "अक्का या वर्षी आल्या नाहीत. त्यांना इथं येता येणार नाही यापुढं. महेशदादांना फोन द्या, मी त्यांना सांगतो."

पलीकडे शिवणयंत्र थांबलं.

"ते न्हाईत," बाई म्हणाली.

"कधी येतील?"

"न्हाईत म्हंजे न्हाईत. तुमचा आवाज फोनवर यायला लागला त्याच्या आधीच गेले. मिलमधी अपघात झाला. मी त्यायची बायको."

मला बसावंसं वाटलं. काउंटरवर खुर्ची ठेवायची परवानगी नव्हती.

"मग दरवर्षी..."

"सांगायलाच फोन लावायचे. दरसाल. त्या उचलल्या उचलल्या 'जेवलास का' म्हणायच्या. मंग सांगवायचं न्हाई. ऐकत बसायचे."

मी तिला नांदेडच्या शेजाऱ्यांचा नंबर दिला. फोन दुपारीच करा, अप्पा दुकानात असतात, एवढं सांगितलं. मी स्वतः अक्कांना काही कळवलं नाही. ती बातमी ज्याची होती त्यानंच द्यायला हवी असं मला वाटलं. बरोबर होतं की नाही, ठाऊक नाही.

या नोकरीतून मी एवढंच शिकलो, की मॅनेजमेंट बदलताना खोल्या, चादरी, फोन सगळं मोजून दिलं-घेतलं जातं. त्या खोलीत कोण कशासाठी येतं, हे देण्याघेण्यात नसतं. ते सोनाबाईंसारख्यांकडे राहून जातं आणि त्यांना कुणी विचारत नाही. पुढं ती कंपनीही गेली, तिसरी आली. मी नोकरी सोडून एम.ए.ला नाव घातलं.

जायच्या आधी, उन्हाळ्यात, काउंटरवर माझ्यासाठी फोन आला. नांदेडहून. अक्का होत्या.

"राठोड बाबा, सुरतेहून सून बोलली. या खेपी बोलली."

"अक्का, मला तुम्हाला सांगायला..."

"तू कशाला सांगतोस? मला पयल्याच मुक्या फोनला कळलं होतं. माझं लेकरू इतका वेळ गप बसणारं न्हवतंच."

"मग तुम्ही बोलत का राहिलात?"

त्या थोडा वेळ थांबल्या. या खेपेला थांबल्या.

"कोणीतरी रडत होतं रे तिकडं," अक्का म्हणाल्या. "मी ठेवून दिला असता, तर तिनं कुणाचं ऐकलं असतं?"